लाल डगल्यातले भाऊ: शिडाच्या जहाजांवर गेलेली खेड्यातली पोरं

खाडीपलीकडे

गेली काही वर्षं मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्ट्समथच्या समोर राहतो. मधल्या खाडीपलीकडे गोदीत एचएमएस व्हिक्टरी उभी आहे. ट्रफाल्गरच्या लढाईत इंग्रज अॅडमिरल नेल्सन गोळी लागून पडला तो हिच्याच डेकवर. १७६५ साली चॅटमला पाण्यात उतरलेलं हे जहाज १९२२ पासून इथल्या कोरड्या गोदीत आहे. मुलाला घेऊन चार-पाच वेळा जाऊन आलो. नेल्सन पडला त्या जागी पितळी पाटी आहे, तिथे सगळेच थांबतात. मी आता तिथे फार थांबत नाही. खाली, तोफांच्या डेकवर जातो. तिथे वाकूनच चालावं लागतं. दोन तोफांच्या मधे लटकणारं जेवणाचं टेबल, वर झोळ्या, आणि एका झोळीला नियमाने मिळणारी जागा १४ इंच.

या जहाजावर सव्वाआठशेच्या आसपास माणसं होती. त्यातले सुमारे १४५ जण ना खलाशी होते ना अधिकारी. ते मरीन होते, लाल डगला घातलेले जहाजावरचे शिपाई. मराठीत 'नौसैनिक' म्हटलं की खलाशीही त्यात येतो, म्हणून इथे मी 'मरीन' असंच लिहितो. धागा त्यांच्याबद्दल आहे, आणि त्यातल्या त्यात एकाच गावातून, एकाच घरातून निघालेल्या भावांबद्दल.

खलाशी बहुतेक बंदरातला, लहानपणापासून दोरखंडात वाढलेला. लढाईच्या दिवसांत आरमाराच्या टोळ्या त्याला रस्त्यातून, दारूच्या गुत्त्यातून, परत येणाऱ्या व्यापारी जहाजावरून सरळ उचलून नेत. मरीनचं तसं नव्हतं. तो भरती होऊन यायचा. सार्जंट, ढोलवाला आणि बासरीवाला बाजाराच्या गावी जायचे, खानावळीत बसायचे, भरती होणाऱ्याला हातावर रोख इनाम मिळायचं. ही गावं बहुतेक समुद्रापासून लांबची असत. विल्टशायर आणि सॉमरसेटचा विणकरी पट्टा, लिस्टरशायरचे मोजे विणणारे, स्टॅफर्डशायरचे शेतमजूर. १८०० च्या आसपास विल्टशायरमधे कापडगिरण्यांची यंत्रं आली आणि हातावर पोट असलेल्यांचं काम गेलं. १८०२ मधे तिथे गिरण्या जाळण्यापर्यंत गोष्ट गेली. अशा गावातला पोरगा ढोलाच्या मागे का गेला, हे समजायला फार विचार करावा लागत नाही.

अशी पोरं एकेकटी निघत नाहीत. थोरला निघाला की धाकटा त्याच्या मागे लागतो.

हा विषय माझ्या डोक्यात इतका का बसला तेही सांगतो. आमचं गाव दापोली तालुक्यात. माझे वडील आणि काका एकाच वर्षी मुंबईला आले आणि व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून लागले. एकत्र जाता येईल अशी दोघांची समजूत होती. एक गेला पर्शियन आखाताकडे, दुसरा जपानकडे. पुढची अकरा वर्षं दोघांच्या सुट्ट्या कधी जुळल्या नाहीत. आजी संध्याकाळी दिवा लावताना दोन जहाजांची नावं घ्यायची. तिला ती नीट उच्चारता येत नसत, पण चुकवायची नाही. व्हिक्टरीच्या खालच्या डेकवर उभा राहिलो की मला आजीचा तो दिवा आठवतो.

मरीन जहाजावर नेमकं काय करायचे? पहारा. कप्तानाच्या दाराशी, दारूगोळ्याच्या कोठाराशी, रमच्या कोठाराशी बंदूक घेऊन उभं राहायचं. नांगर उचलताना चरकाला जोर लावायचा, डेकवरचे दोर ओढायचे. पण डोलकाठीवर चढायचा हुकूम मरीनला देता येत नसे. ते काम खलाशाचं. लढाई लागली की निम्मेशिम्मे मरीन तोफांवर मदतीला आणि बाकीचे बंदुका घेऊन वरच्या डेकवर. उघड्यावर. लाल डगल्यात.

२१ ऑक्टोबर १८०५ ला, ट्रफाल्गरच्या दिवशी, व्हिक्टरीच्या पिछाडीच्या उंच डेकवर मरीन रांगेत उभे होते. जोडगोळा आला आणि एका फटक्यात आठ जण गेले. नेल्सनने मरीनचा कप्तान चार्ल्स अडेअर याला सांगितलं, माणसं पांगव, एका जागी ठेवू नकोस. पुढे रदूताब्ल हे फ्रेंच जहाज अगदी चिकटलं, तिच्या डोलकाठ्यांवरून गोळ्या बरसू लागल्या आणि वर माणसं कमी पडायला लागली. तेव्हा रोटली नावाच्या तरुण लेफ्टनंटला खालच्या डेकवरून मरीन आणायला पाठवलं. त्याने नंतर सांगितलेली हकिकत मी विसरू शकत नाही. धूर, अंधार, कानठळ्या. तोफांवर राबणारे मरीन उघडे, काळे, बहिरे झालेले. ते तोफ सोडायला तयारच होईनात. सार्जंट आणि कॉर्पोरलांच्या मदतीने, काहींना तर अक्षरशः ओढून, त्याने सुमारे २५ जण वर नेले. नेल्सनला गोळी लागली तेव्हा त्याला उचलून खाली नेणाऱ्यांत सार्जंट जेम्स सेकर होता, तोही मरीन. अडेअर त्याच दुपारी मानेत गोळी लागून मेला.

एक भाऊ वर नेला आणि एक खाली तोफेवर राहिला असं त्या २५ जणांच्या बाबतीत झालं असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. कोणी या कागदपत्रांत काम केलं असेल तर जरूर लिहा.

मळेकर

खूप मनापासून लिहिलंय. मी सातारा जिल्ह्यातला, आमच्या घरात तीन पिढ्या पलटणीत. आमच्याकडे अपशिंगे मिलिटरी नावाचं गावच आहे, घराघरातून माणूस फौजेत. पहिल्या महायुद्धात गेलेल्या जवानांचा स्तंभ आहे तिथे. त्यामुळे 'थोरला निघाला की धाकटा मागे लागतो' हे वाक्य वाचताना आमचीच आळी डोळ्यापुढे आली. भरतीला जाताना चुलत-मावस धरून सहा-सात पोरं एकाच ट्रकमधे बसतात.

एक शंका. पलटणीत गावकरी एका कंपनीत असले की पाय रोवून उभे राहतात, कारण पळालो तर गावात तोंड कसं दाखवायचं. मरीनमधे दोन भावांना एका जहाजावर ठेवायचे का?

दप्तरखाना

मळेकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर या पलटणीच्या रचनेतच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंग्लंडमधे समुद्री शिपायांची पहिली पलटण १६६४ ची, १२०० माणसांची. नंतरची नव्वद वर्षं असल्या पलटणी युद्ध आलं की उभ्या करायच्या आणि तह झाला की मोडायच्या असंच चाललं. १७५५ साली कायमच्या ५० कंपन्या उभ्या केल्या, सुमारे ५००० माणसं, आणि त्या लष्कराऐवजी सरळ आरमाराच्या हाताखाली दिल्या. तीन ठाणी: चॅटम, पोर्ट्समथ, प्लिमथ. १८०५ मधे वूलिच हे चौथं आलं. १८०२ साली राजाने 'रॉयल' हा किताब दिला, आरमाराचा तेव्हाचा प्रमुख लॉर्ड सेंट व्हिन्सेंट याच्या आग्रहावरून.

आता मुद्दा असा की या कंपन्या नावापुरत्या होत्या. पगार, कपडे, हजेरी यासाठी. कंपनीच्या कंपनी जहाजावर कधीच चढत नसे. जहाज तयार झालं की ठाण्याकडे मागणी यायची, ७४ तोफांचं असेल तर ७४ च्या आसपास मरीन, कारण साधारण तोफेमागे एक असा ठोकताळा होता. मग त्या दिवशी बराकीत जे हजर असतील त्यांतून, वेगवेगळ्या कंपन्यांमधून, तुकडी बांधायची. एकाच दिवशी भरती झालेले दोन भाऊ एकाच ठाण्यावर जायची शक्यता भरपूर, कारण ज्या ठाण्याचा सार्जंट त्या ठाण्याचे ते. पण पुढे पाळी येईल तसं जहाज. एक आजारी पडून दवाखान्यात असला, किंवा आठ दिवस आधी दुसरी मागणी आली, की ताटातूट. लष्करातली पलटण गावासकट पुढे सरकते, मरीनची तुकडी पत्ते पिसल्यासारखी बनते.

एका जहाजावर आले तरी दोन पाळ्यांत, किंवा एक वर आणि एक तोफेवर, हे होतंच. खाडीपलीकडे यांनी केलेली कल्पना अगदी शक्य कोटीतली आहे.

गोधडी

आई म्हणून वाचताना वाटलं, एका जहाजावर नसलेलेच बरे. दुसऱ्या महायुद्धात सलिव्हन घरातले पाच भाऊ हट्टाने एकाच अमेरिकन युद्धनौकेवर गेले आणि नोव्हेंबर १९४२ मधे पाचही गेले. तुमच्या काळातही असं काही घडलं असेलच ना?

दप्तरखाना

गोधडीताई, रॉयल जॉर्ज. २९ ऑगस्ट १७८२, आणि तेही लढाईत नाही. पोर्ट्समथसमोर स्पिटहेडला नांगरलेलं १०० तोफांचं जहाज. दुरुस्तीसाठी मुद्दाम एका बाजूला कललेलं, खालची तोफांची दारं उघडी, त्यात माल चढवायचं काम चालू. पाणी शिरलं आणि काही मिनिटांत बुडालं. बंदरात असल्यामुळे खलाशांच्या आणि मरीनच्या बायकामुलं भेटायला आलेली. आठशेहून जास्त जीव गेले, अॅडमिरल केंपनफेल्टसकट. त्या बायका जवळपासच्याच नव्हत्या, काही जणी लांबून चालत, गाडीने आलेल्या असणार.

तांडेलाची नात

मी मूळची देवगडकडची. आमच्या घराण्यात तांडेलकी होती, म्हणून या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आंग्र्यांच्या आरमारातही नुसते दर्यावर्दी नव्हते. गुराबेवर आणि गलबतावर लढणारी माणसं वेगळी असत. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, पुढे निमुळती नाळ आलेलं जहाज, दोन काठ्यांचं दीडशे टनांच्या आसपास, तीन काठ्यांचं तीनशेपर्यंत. नाळेवरून समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की गलबतं गुराबांना दोरखंडाने ओढत न्यायची. इंग्रज इतिहासकार ऑर्मने अठराव्या शतकात वर्णन केलंय: गुराबांनी पिछाडीवर मारा करून शत्रूच्या डोलकाठ्या पाडायच्या, आणि मग गलबतांनी चहूबाजूंनी येऊन शेकड्यांनी माणसं तलवारी घेऊन वर चढवायची. ती वर चढणारी माणसं म्हणजे आमचे मरीनच की!

फरक मला इथे दिसतो. तुमच्या विल्टशायरच्या पोराने समुद्र पाहिलाच नव्हता. आमच्याकडे भंडारी, कोळी, गाबीत, खारवी या सगळ्यांना पाणी ओळखीचं. शिवरायांच्या काळात १६७९ मधे खांदेरीवर इंग्रजांशी झुंज झाली तेव्हा मायनाक भंडारी होते, आणि ते बेट आमच्या लोकांनी सोडलं नाही. वल्हवणारा आणि तलवार धरणारा एकाच वाडीतला असायचा. जहाजावर दोन जातीची माणसं, एक डोलकाठीवर चढणारी आणि एक पहारा देणारी, असं विभागून टाकण्याची आम्हाला गरज पडली नाही, असं मला ठामपणे वाटतं.

भावांचंच म्हणाल तर आंग्र्यांच्या घरातच ते दुःख आहे. कान्होजी १७२९ ला गेले, थोरले सेखोजी १७३३ ला. मग संभाजी आणि मानाजी यांचं बिनसलं. १७३५ मधे बाजीरावांनी वाटणी करून दिली, संभाजी सरखेल म्हणून विजयदुर्गाला, मानाजी वजारतमाब म्हणून कुलाब्याला. एक आरमार दोन झालं. सरदार वेगळे झाले म्हणून गलबतावरची माणसं कुठून वेगळी आणणार? किनारा तोच, वाड्या त्याच. भाऊ भावासमोर वल्ही मारत आला असणार. आणि १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या खाडीत त्यांचेच भाऊ तुळाजी यांची जहाजं जळाली, तेव्हा समुद्राकडून वॉटसनचं इंग्रजी आरमार आणि जमिनीकडून पेशव्यांचंच सैन्य होतं. आमच्याकडे अजून हे सांगताना म्हाताऱ्या माणसांचा आवाज बदलतो.

खाडीपलीकडे

ताई, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. माझंही गाव त्याच किनाऱ्यावरचं, तरी गलबतावर चढणाऱ्या माणसांना मी मरीनच्या शेजारी ठेवून कधी पाहिलं नव्हतं.

'विभागण्याची गरज पडली नाही' याबद्दल मात्र थोडं बोलायचंय. इंग्रजांनी विभागलं ते माणूस समुद्र जाणतो की नाही एवढ्यावर नाही. धरून आणलेल्या खलाशांवर भरवसा नव्हता म्हणून. मरीनच्या झोळ्या कुठे बांधायच्या हे ठरलेलं असे: खलाशी पुढे, अधिकारी मागे, आणि मधे मरीन. खेड्यातल्या पोरांची भिंत. त्यांचं जेवण वेगळं, डगला वेगळा. जिथे ही भिंत नव्हती तिथलं उदाहरण म्हणजे बाउंटी हे इंग्रजी जहाज. १७८९ मधे तिच्यावर कप्तान ब्लायविरुद्ध बंड झालं, आणि त्या जहाजावर एकही मरीन नव्हता.

दप्तरखाना

भिंत होती खरी, पण ती नेहमी टिकली नाही. १७९७ चं स्पिटहेडचं बंड बघा. खलाशांचा पगार १६५० च्या दशकापासून वाढलेला नव्हता, जवळजवळ दीडशे वर्षं! त्या बंडात लंडन या जहाजावर खलाशांवर गोळ्या झाडल्या गेल्या, काही मेले, आणि मरीन खलाशांच्या बाजूला गेले. एका डेकवर तेच किडे पडलेलं बिस्किट खाणारी माणसं, किती दिवस बंदूक रोखून धरणार? त्यानंतरच सेंट व्हिन्सेंटने मरीनना अधिक वेगळं आणि अधिक मानाने ठेवायचा आग्रह धरला, आणि १८०२ चा 'रॉयल' किताब त्याच वाटेने आला. मला तो किताब बक्षिसापेक्षा भीतीपोटी दिलेला वाटतो.

मळेकर

हे पटलं. मानाचं फेटं डोक्यावर आलं की माणूस आपल्याच भावकीपासून लांब जातो. फौजेत मी हे पाहिलंय.

गोधडी

भावांवरून बहिणीची गोष्ट सांगते, या धाग्यात ती पाहिजेच. हॅना स्नेल, वुस्टरची, जन्म १७२३. नवरा सोडून गेला, तान्हं मूल गेलं. तिने आपल्या मेव्हण्याचे, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचे कपडे घातले, त्याचंच जेम्स ग्रे हे नाव घेतलं आणि नवऱ्याच्या शोधात निघाली. पोर्ट्समथला मरीनमधे भरती झाली आणि थेट हिंदुस्थानात आली. १७४८ मधे इंग्रज अॅडमिरल बॉस्कावेनने फ्रेंचांच्या पाँडिचेरीला वेढा घातला त्यात ती लढली, जखमी झाली. तिच्या हकिकतीप्रमाणे मांडीच्या वरची गोळी तिने स्वतःच काढली, वैद्याला दाखवली असती तर सगळं उघड झालं असतं. १७५० मधे परत गेल्यावर तिने सोबत्यांना खरं सांगितलं आणि तिला चेल्सीची लष्करी पेन्शन मिळाली.

मला यातलं एक लागून राहतं. बहिणीने आपल्या नवऱ्याचे कपडे काढून दिले असतील तेव्हा तिच्या मनात काय आलं असेल?

दप्तरखाना

ही उत्तम आठवण. घरच्या माणसाचं नाव घेऊन भरती होणं सोपं असणार, कारण गाव आणि आईबापाची नावं विचारली तर अडखळायला होत नाही.

खाडीपलीकडे, तुम्ही ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मरीनबद्दल लिहायला हवं होतं. मीच थोडक्यात लिहितो. मे १७८७ मधे ११ जहाजं कैद्यांना घेऊन निघाली, बरोबर दोनशेच्या वर मरीन. तिथे पोचल्यावर धान्य कमी पडलं, शिधा कापला. मार्च १७८९ मधे सिडनीच्या वस्तीत सहा मरीनना सरकारी कोठारातून चोरी केल्याबद्दल फाशी झाली. कोठारावर पहाऱ्याला उभे राहणारेच चोरत होते, किल्ल्या बनवून घेतल्या होत्या. त्यांच्या सोबत्यांना ते बघत उभं राहावं लागलं. भुकेपायी गाव सोडलेली माणसं, आणि शेवटी पुन्हा धान्याच्याच कोठारापाशी.

तांडेलाची नात

हे वाचून काही सुचेना. त्यांच्या घरी कधी कळलं असेल?

खाडीपलीकडे

तिथून जहाजाला यायला सहा-आठ महिने. आणि पत्र लिहिणारा कोणी असेल तर.

घरच्यांना काय मिळायचं, याचं आणखी एक सांगतो. ट्रफाल्गरसारख्या लढायांसाठी साध्या शिपायांना सरकारी पदक मंजूर झालं ते १८४७ मधे, म्हणजे ट्रफाल्गरनंतर ४२ वर्षांनी. पदकाच्या कडेवर नाव कोरून यायचं. पण ज्याने ते मागायचं तो जिवंत हवा आणि त्याने स्वतः अर्ज करायला हवा. दोन भाऊ लढले आणि एक १८४० मधे गेला असेल, तर त्या घरात पदक एकच आलं.

मळेकर

नावं शोधायची सोय आहे का काही? तुम्ही तिथेच राहता म्हणून विचारतो.

दप्तरखाना

आहे, आणि खलाशांपेक्षा मरीनची सोय जास्त चांगली आहे. लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठाण्यांच्या वर्णनाच्या वह्या आहेत. वय, जन्माचं गाव, उंची, केसांचा आणि डोळ्यांचा रंग, भरतीआधीचा धंदा. खलाशाचं शोधायचं तर आधी जहाज माहीत हवं. मरीनचं ठाणं कळलं की वही उघडायची. आणि महत्त्वाचं म्हणजे या वह्या भरतीच्या तारखेप्रमाणे आणि आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे लावलेल्या आहेत.

खाडीपलीकडे

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! आडनाव एक, तारीख एक, म्हणजे बरोबर भरती झालेल्या दोन भावांची नावं वहीत एकाखाली एक येणार. जहाजांनी कितीही पांगवलं तरी त्या पानावर ते शेजारी शेजारी असतील, गाव तेच, धंदा तोच, उंचीत अर्ध्या-एक इंचाचा फरक.

पुढच्या महिन्यात दोन दिवस सुट्टी काढून क्यूला जातोय. चॅटम ठाण्याच्या, १८०३ ते १८०५ च्या वह्या मागवतो. अशी जोडी सापडली की इथेच लिहीन.

तांडेलाची नात

वाट बघते. आणि तुमच्या आजी घ्यायच्या ती जहाजांची नावं आठवत असतील तर तीही लिहा.